पेटी डिकीत, बाया आटोत

"गाडी भाड्यानं घ्यायची, पण ड्रायव्हर घ्यायचा न्हाई," असं विरुपाक्षअप्पांनी चहाचा कप बशीत ठेवत मैलूरच्या घरात जाहीर केलं. पण समोर त्यांची थोरली बहीण मल्लेश्वरी अक्का बसलेली होती.

"मंग चालवणार कोण?"

"मी."

"तू?" अक्का एवढंच म्हणाली. पण त्या एका अक्षरात तिनं अप्पांची साठ वर्षं उचलून, उलटीपालटी करून बघून परत जागेवर ठेवली.

प्रकरण तसं साधं होतं. अप्पांच्या पत्नी सुधारानी, ही मल्लेश्वरी अक्का आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या राजूबाई, या तिघींचा वचनगायनाचा, म्हणजे शिवशरणांची कानडी पदं गाण्याचा, संच होता. सुधारानी गायच्या, अक्का पेटी वाजवायची, राजूबाई ढोलकीवर. आजवर संचाची मजल भालकीपर्यंत गेली होती. आता हैद्राबादेतल्या एका कानडी मंडळानं फोनवर पाठवलेलं गाणं ऐकून तिघींना स्पर्धेला बोलावलं होतं. रविवारी सकाळी अकराला हजर राहायचं, नाव पुकारलं तेव्हा संच नसला तर नाव बाद. सुधारानींनी तो निरोप इतक्यांदा वाचला होता की त्यांना त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही पाठ झाल्या होत्या. बत्तीस वर्षं त्या देवघरात आणि दुसऱ्यांच्या बारशांत गात आल्या होत्या. मंचावर, माइकसमोर, परीक्षकांपुढं गाण्याची ही पहिली वेळ.

अप्पांना ड्रायव्हरवाल्या गाडीचं भाडं खुपलं नव्हतं, खुपला तो भत्ता. "त्याचं जेवण आपण द्यायचं, भत्ता आपण द्यायचा, अन् चहाला कुठं थांबायचं ते त्यानं ठरवायचं. मंग गाडीत मालक कोण?" त्यांचं लायसन अकरा वर्षांचं होतं आणि त्याला एक डाग नव्हता. डाग पडण्याइतकी गाडी त्यांनी चालवलीच नव्हती, हा भाग निराळा. पुतण्याची गाडी एकदा हुमनाबादपर्यंत नेली होती, तीही पुतण्या शेजारी बसून देवाचं नाव घेत असताना.

"अन् हैद्राबादेत रस्ता?" सुधारानींनी हळूच विचारलं.

हा प्रश्न अप्पांना लागला. छत्तीस वर्षं भूमापन खात्यात काढलेला माणूस. औरादपासून चिंचोळीपर्यंत ज्यानं लोकांना त्यांच्याच शेताची हद्द दाखवली, त्याला रस्ता विचारायचा? "नकाशा वाचून मी पेन्शन घेतलीय," ते म्हणाले आणि उठले.

शेजारच्या गुंडप्पांना ही बातमी भिंतीपलीकडून आधीच कळलेली होती. गुंडप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि ते स्वतः सायकलसुद्धा चालवत नसत. पण त्यांचा जावई हैद्राबादेत होता, त्यामुळं शहर, वाहनं आणि फसवणूक या तिन्ही विषयांवर त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा मानला जाई.

"अप्पा, पैली गोष्ट फोटो," गुंडप्पा कट्ट्यावर बसत म्हणाले. "गाडी घेताना सगळीकून फोटो काढायचे. न्हाई तर परत देताना म्हणतेत, हा ओरखडा तुमीच पाडलाव. माझ्या जावयाला असंच अडकिवलं. फोटोत ओरखडा नीट दिसला पायजे बघा. दुसरं, किलोमीटर बांधून देतेत, ते विचारून घ्या. तिसरं, तेलाचा काटा बघा. अन् शहरात कुणालाच रस्ता विचारू नका. परगावचा माणूस हाय म्हणून कळतं."

शेवटचा सल्ला अप्पांना इतका पटला की त्यांनी गुंडप्पांना दुसरा चहा सांगितला.

शनिवारी दुपारी ते बालाजीकडं गेले. बालाजीच्या पाच गाड्या होत्या आणि तो त्या चालवायला भाड्यानं देई. त्यानं सरावानं अटी सांगितल्या: ओळखपत्र त्याच्याकडं ठेवायचं, अनामत रक्कम आगाऊ, डिझेल जेवढं असंल तेवढंच भरून परत, आणि तीनशे किलोमीटर. त्याच्या पुढं दर किलोमीटरला वेगळा आकार.

अप्पांनी तिथंच हिशेब मांडला. जाऊन-येऊन दोनशे ऐंशी. वीस उरले. "हैद्राबादेत फिरायला वीस पुष्कळ झाले," ते बालाजीला म्हणाले. बालाजीनं अनामत मोजून घेतली. तो धंद्याचा माणूस होता.

मग ओरखडे. बालाजीच्या मते गाडीला 'दोन-चार' होते. अप्पांनी खिशातून मोजणीची टेप काढली. तासाभरात सत्तावीस ओरखडे आणि चार पोचे फाईलीत उतरले. लांबी, दिशा आणि जवळची खूण यांसह. अडचण एकच, फोटोत ओरखडे दिसेनात. तेव्हा अप्पांनी घरी फोन करून सुधारानींच्या टिकल्यांचं पाकीट मागवलं आणि प्रत्येक ओरखड्याशेजारी एक मरून टिकली लावली. आता फोटो झकास आले. फोटो झाल्यावर टिकल्या काढायच्या होत्या. पण दुपारचं ऊन, तापलेला पत्रा आणि टिकलीचा गोंद यांचं असं काही जमलं की नखानं काढायला गेलं तर रंग सुटायला लागला. अठ्ठाविसावा ओरखडा स्वतःच्या हातानं पाडण्यापेक्षा टिकल्या राहिलेल्या बऱ्या, असं अप्पांनी ठरवलं.

रविवारी सकाळी साडेसहाला गाडी दारात उभी राहिली तेव्हा राजूबाई ढोलकी काखेत मारून आल्या आणि गाडीभोवती एक फेरी घालून म्हणाल्या, "अप्पा, गाडीची वटी बी भरायची हाय का?"

अप्पा सामानाकडं वळले. पेटी डिकीत ठेवली, ढोलकी राजूबाईंच्या मांडीवर. अक्का पुढं बसली, कारण तिला मागं मळमळतं. आणि पुढं बसलेल्या माणसाला काही तरी काम हवं म्हणून अप्पांनी तिला किलोमीटरचा आकडा कुठं दिसतो ते दाखवलं. ही त्यांची त्या दिवसातली पहिली चूक.

राज्याची हद्द ओलांडताना नाक्यावरच्या माणसानं हात केला. भाड्याची गाडी, दुसऱ्या राज्याची, म्हणून कागद मागितले. अप्पांनी मोठ्या विश्वासानं फाईल पुढं केली. त्या माणसानं पान उलटलं, आणखी एक उलटलं, मग आतल्या माणसाला हाक मारली. दोघं मिळून वाचू लागले. 'मागील डावे दार, हँडलच्या खाली चार बोटं, तिरकस, सव्वासात सेंटिमीटर.'

"साब, ये गाड़ी के कागजां हैं या गाड़ी की जनमपत्री?"

खरे कागद सीटखाली होते. ते सापडेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात नाक्यावरचे आणखी तिघे टिकल्या बघून गेले. त्यांतल्या एकानं गाडीला मनोभावे नमस्कारही केला.

"चाळीस झाले," अक्का जहीराबादच्या पुढं म्हणाली.

"माहीत हाय, अक्का."

"एक्केचाळीस."

हैद्राबाद जवळ आलं तसं रस्ता सांगणारी फोनमधली बाई बोलायला लागली. अप्पांचं आणि तिचं पहिल्यापासून जमलं नाही. ती म्हणे डावीकडं, अप्पा म्हणत, डावीकडं कसं, पूर्व तर इकडं हाय. सूर्याच्या दिशेवरून त्यांनी पहिल्या मोठ्या चौकात निर्णय घेतला, आणि गाडी एका उड्डाणपुलावर चढली. उड्डाणपूल चढल्यावर लक्षात आलं की तो चढता येतो, उतरायचं कुठं ते मात्र तो स्वतः ठरवतो. ज्या मंडळाकडं जायचं ते खाली डाव्या अंगाला राहिलं आणि गाडी वरून, त्याच्या डोक्यावरून म्हणा, पुढं निघून गेली.

"ते बगा, तेच वाटायलंय!" सुधारानी काचेतून ओरडल्या. "कमान हाय, कानडीत बोर्ड हाय!"

"आता वळतो."

वळायला साडेतीन किलोमीटरनं जागा मिळाली. परत येताना बाई म्हणाली, पुलाखालून जा. अप्पा पुलावरून गेले. यात हट्ट नव्हता. मागं एक शहर बस इतक्या जवळून भोंगा वाजवत होती की जिकडं मोकळं दिसलं तिकडं गाडीनं आपण होऊन तोंड केलं. मंडळाची कमान दुसऱ्यांदा खालून गेली. यावेळी कमानीत उभी असलेली माणसंसुद्धा दिसली.

"एकशे त्रेपन्न," अक्का म्हणाली. "विरू, वीसमधले किती ऱ्हायले रे?"

"अक्का, गप बस की जरा!"

"तूच सांगितलास वाचायला."

"दहा पस्तीस झाले," सुधारानी म्हणाल्या. त्यांचा आवाज शांत होता, आणि बत्तीस वर्षांच्या संसारात अप्पांना सगळ्यात जास्त भीती त्याच शांत आवाजाची वाटत आली होती. "कुणाला तरी विचारा."

"विचारायची गरज न्हाई. मला दिशा कळलीय."

"कामून विचारत न्हाईत? त्यात काय कमीपणा हाय?"

अप्पांनी भोंगा वाजवला. तिसऱ्यांदा पूल समोर आला तेव्हा राजूबाईंनी ढोलकीवर एक थाप मारली आणि म्हणाल्या, "चला, परत देवदर्शन."

"गाडी उभी करा," सुधारानी म्हणाल्या.

अप्पांनी पुलाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेतली. सुधारानी उतरल्या, पदर खोचला आणि पहिल्याच आटोला हात केला. "भय्या, वो कमानवाला हॉल मालूम क्या? कानडी बोर्ड है सो?" आटोवाला म्हणाला, "हौ अम्मा, दस मिनट." झालं. अप्पांचा सगळा भूगोल त्या 'हौ अम्मा'पुढं आडवा पडला.

"आमी पुढं जातो," सुधारानींनी सांगितलं. "तुमी आमच्या आटोच्या मागं या. बस, आटो बघत या. दुसरं काय बी करू नका."

तिघी बसल्या, ढोलकी बसली, आटो सुटला. अप्पांनी गियर टाकला. अपमान गिळून, डोळ्यांत तेल घालून ते त्या पिवळ्या आटोच्या मागं निघाले. पहिला सिग्नल पडला तेव्हा आटो आणि त्यांच्यामध्ये एक पाण्याचा टँकर आला. टँकर बाजूला झाल्यावर पुढं पिवळा आटो होताच. मागच्या पडद्याखालून साडीचा काठ दिसत होता. अप्पा निर्धास्त झाले. ते त्याला इतके चिकटून चालले होते की आटो वळला की वळत, थांबला की थांबत, आणि एकदा आटोवाल्यानं चुकून उलट्या दिशेनं गाडी घातली तिथंही अप्पांनी मागंपुढं पाहिलं नाही.

दहा मिनिटांची पंधरा झाली. आटो एका फाटकातून आत शिरला आणि थांबला. अप्पाही शिरले आणि थांबले. समोर पाटी होती: प्रसूतिगृह.

आटोतून एक म्हातारी उतरली, मग तिच्या खांद्यावर भार टाकून एक पोटुशी पोर. सुधारानी नव्हत्या. अक्का नव्हती. ढोलकी नव्हती.

म्हातारीनं अप्पांकडं पाहिलं. "मियाँ, कौन जी तुम? चारमिनार चौरस्ते से पीछे आरे, मैं देखतीच हूँ!"

"जी, मैं…" अप्पांनी डिकीकडं बोट केलं. "मैं पेटी लेके आया."

"किसकी पेटी?"

उत्तर लांब होतं आणि पोर कळा देत होती. म्हातारीनं निकाल लावून टाकला. "आए सो आए. हात लगाओ! घर का कोई मर्द नै आया सो है, दामाद दुबई में बैठा है."

आणि अप्पांनी हात लावला. चाकाची खुर्ची ओढून आणली, पिशवी घेतली, पायरीवर पुढचं चाक उचललं. दारातल्या रखवालदारानं गाडी बाहेर काढायला सांगितली. बाहेरच्यांना आत जागा नाही, फक्त पेशंटच्या माणसांना. म्हातारी वळून ओरडली, "पेशंट का मामू है वो!" रखवालदारानं चिठ्ठी फाडली आणि त्यावर लिहिलं: नातं, मामा. छत्तीस वर्षं सरकारी दप्तरात काढलेल्या माणसानं ती चिठ्ठी हातात घेतली आणि दुरुस्ती सुचवली नाही.

पोर आत गेली. अप्पा बाकावर बसले आणि घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजून सात मिनिटं. पेटी डिकीत. पेटी डिकीत आणि बाया आटोत. आता तर आटोतही नसतील, मंचावर असतील. सुरवातीला सूर धरायला सुधारानींना पेटी लागते. पेटी नसली तर तोंडच उघडायचं नाही तिचं. बत्तीस वर्षांत एकदा माइकसमोर उभी राहिली बाई, आणि सूर आपल्या डिकीत पडून आहे. गाडी, ओरखडे, किलोमीटर, मान, सगळं त्यांच्या डोक्यातून कुठल्या कुठं गेलं.

ते उठले, पेटी काढली आणि अजून फाटकात उभ्या असलेल्या त्याच आटोत जाऊन बसले. साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य उच्चारलं:

"भय्या, मेरे कू रस्ता नै मालूम. कानडी बोर्ड का कमान वाला हॉल. जल्दी."

आटोवाला हसला. "अरे, वो तो पुल के नीचेच है साब."

पेटी मांडीवर धरून, खड्ड्याखड्ड्याला तिच्यातून निघणारा केविलवाणा सूर ऐकत अप्पा पुलाखालून, अगदी सरळ, सोप्या, पुलाखालच्या रस्त्यानं, हॉलशी पोचले. आत धावले. दाराशी आले आणि थांबले.

सुधारानी गात होत्या.

पेटी नव्हती. राजूबाईंची ढोलकी अगदी हळू, जणू कुणी दारावर टकटक करतंय तशी. अक्का मांडीवर हात ठेवून रिकामी बसली होती. आणि सुधारानींचा आवाज, घरात जो नेहमी पेटीच्या मागून यायचा, तो आज एकटाच पुढं आला होता. अप्पांनी तो असा कधी ऐकला नव्हता. ऐकायचं राहूनच गेलं होतं. वचन सुरू झालं की त्यांना नेमकं बाजारातलं काही तरी आठवायचं. हॉलमध्ये कुणी खोकलं नाही. एका कार्यकर्त्यानं पेटीसह अप्पांना मंचाकडं ढकलायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी पेटी छातीशी घट्ट धरली आणि मान हलवली. नको. आता नको.

सुधारानींनी गाता गाता त्यांना पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते अप्पांना दिवसभर कळलं नाही. ओळ मात्र सुटली नाही.

संचाला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी खास सांगितलं, वाद्यांच्या गर्दीशिवाय, साध्या गळ्यानं गायलेलं वचन आम्हांला फार भावलं. टाळ्या झाल्या. फक्त एक माणूस टाळ्या वाजवत नव्हता.

"म्हंजे?" अक्का मंचाच्या पायऱ्या उतरत म्हणाली. "माझी पेटी न्हवती म्हणून नंबर आला?"

"तसं न्हाई अक्का," सुधारानी म्हणाल्या.

"मंग कसं? नीट सांग की."

अप्पांना यात एक संधी दिसली. "खरं सांगू का, पेटी मी जरा विचार करूनच मागं…" सुधारानींनी फक्त मान वळवली. अप्पांनी वाक्य तिथंच सोडलं.

"गाडी कुठं हाय?" राजूबाईंनी विचारलं.

तो प्रवास अप्पांनी आटोत तिघींना थोडक्यात सांगितला, बरंचसं गाळून. त्यामुळं प्रसूतिगृहाच्या फाटकात रखवालदारानं "आओ मामू" म्हणून सलाम केला, तेव्हा तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या. चिठ्ठी दाखवून अप्पा गाडीकडं वळतात न वळतात तोच आतून म्हातारी आली. तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं काही तरी होतं, आणि डोळ्यांत पाणी होतं.

"किधर चले गए थे मामू? बेटी हुई! तुमारे पाँव अच्छे पड़े." आणि 'नको, नको' म्हणेपर्यंत तिनं ते दुपटं अप्पांच्या हातात दिलं. छत्तीस वर्षं मोजणीची साखळी धरलेल्या हातांना हे कुठून धरायचं ते कळेना. पोरीनं एक डोळा उघडला, अप्पांना पाहिलं आणि निवांत मिटून घेतला.

सुधारानी जवळ आल्या. दिवसभर साठवलेलं त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. पुलांबद्दल, पेटीबद्दल, विचारण्याबद्दल. त्या वाकल्या, पोरीच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मान नीट धरा, मान."

म्हातारीनं पदराआडून लाडवांचा डबा काढून फिरवला. अक्कानं एक लाडू उचलला. पेटीचा राग तिच्या तोंडावर अजून होता. तो तसाच ठेवून तिनं म्हातारीकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं, आणि मग धाकट्या भावाकडं.

"विरू," ती लाडू मोडत म्हणाली, "तुला हैद्राबादेत आणखी एक बहीण हाय, हे साठ वर्षांत मला कामून सांगितला न्हाईस रे? आण इकडं ती पोर. मावशीआजी हाय मी तिची."